एकवीस आणि बावीस नंबरची पाकिटं

कलावती मगदूम यांनी पोळपाटावर दोन गोळ्या ठेवल्या, दाढीचं पातं उचललं आणि पहिली गोळी बरोबर मधोमध कापली. मग दुसरी.

मी दारातच होते. गुरुवारची सकाळ, पावणेसातची वेळ. एरवी मी त्यांच्याकडे अकराच्या सुमाराला जायची, तेही आधी निरोप धाडून. त्या दिवशी उदगावच्या एका घराला कुलूप निघालं, म्हणून रिक्षा सरळ जयसिंगपूरला वळवली होती.

“या की ताई,” त्या म्हणाल्या. हातातलं पातं त्यांनी लपवलं नाही. “एवढ्या सकाळी? बसा. पोरांचं औषध देतो, मग चहा टाकतो.”

भिंतीला पाठ लावून दोन्ही मुलं बसली होती. त्रिशला अकरा वर्षांची, भरतेश सात वर्षांचा. दोघांच्या पुढ्यात पाण्याचा एकेक भरलेला पेला. दोघांच्या डोळ्यांतला पांढरा भाग निळसर. या आजाराची ती खूण. हाडं ठिसूळ असतात. भरतेशचा हात एकदा शर्टाच्या बाहीत अडकला आणि मोडला. त्रिशलाचं पहिलं हाड ती आठ महिन्यांची असताना, तेल लावताना मोडलं होतं. तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आईकडे वाकड्या नजरेने पाहिलं, हेही माझ्याकडच्या कागदांत नोंदलेलं होतं.

“कलाक्का, हे काय करताय?”

“गोळ्या की.”

“अर्ध्या का केल्यात?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी विचित्र विचारलं होतं. मग एका गोळीचा अर्धा भाग आणि दुसरीचा अर्धा भाग त्रिशलाच्या तळहातावर ठेवला. उरलेले दोन भरतेशच्या.

“थांबा,” मी म्हणाले. “देऊ नका.”

भरतेश तोपर्यंत दोन्ही तुकडे तोंडात टाकून पेलाभर पाणी प्यायला होता. तो ताठ बसला, हात गुडघ्यांवर ठेवले आणि म्हणाला, “ताई, आता माझ्याशी बोलू नका. मी अर्धा तास पुतळा हाय.”

“पुतळा बोलतोय बघा,” त्रिशला म्हणाली.

“तू गप. तुझं अजून पाणी बी संपलं न्हाई.”

गोळी कशी घ्यायची ते मीच त्यांना शिकवलं होतं. आठवड्यातून एकदा, उठल्या उठल्या, रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर. दूध चालणार नाही. त्यानंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं नाही. इतर घरांत यावरून रडारड व्हायची. मगदूमांकडे कधी झाली नाही. “उपासतापास आमास्नी नवं न्हाई,” असं कलाक्का पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. दर महिन्याला मी उरलेल्या गोळ्या मोजायची. त्यांच्या दोन्ही पाकिटांचा हिशेब दहा महिने अचूक लागला होता. बैठकीत मी या घराचं उदाहरण देत असे.

“कधीपासून करताय हे?”

“पहिल्यापासनं.”

“पण का?”

“तुम्हीच सांगितलासा की.” त्या पोळपाट फडक्याने पुसत होत्या. थोड्या वेळाने त्यावर पापड लाटायचे होते. पहाटे आणलेलं पीठ ओल्या फडक्याखाली झाकून ठेवलेलं होतं. “एकवीस नंबरचं पाकीट हिचं, बावीस नंबरचं ह्याचं. कुणाच्यात औषध असंल, कुणाच्यात नुसतं पीठ. कुणाच्यात काय, ते तुमास्नी बी ठावं न्हाई, डाक्टरला बी न्हाई. व्हय का न्हाई?”

“हो. पण—”

“मग? एकाला औषध आणि एकाला पीठ, असं आई कशी दील? एक तीळ सात जणांत वाटून खावा म्हणत्यात. हितं तर दोघंच हाईत. मी दोन्ही गोळ्या जिभंवर ठिऊन बघितल्या, आतनं बी बघितल्या. दोन्ही पांढऱ्याच. मग म्हटलं, दोघांची सारखी करू. जे काय असंल ते निम्मं-निम्मं मिळंल.”

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. ठिसूळ हाडांच्या मुलांना तोंडाने घ्यायच्या गोळीचा उपयोग होतो का, हे पाहण्यासाठी सहा शहरांत एक अभ्यास चालू होता. मिरजेच्या आमच्या केंद्रात सेहेचाळीस मुलं होती. अर्ध्यांना खरी गोळी, अर्ध्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. कुणाला काय हे वर्ष संपेपर्यंत बंद लिफाफ्यात. आई-वडिलांना हे समजावून त्यांची संमती घेणं हे माझं काम होतं आणि ते मी चांगलं करते असा माझा समज होता. कलाक्कांना समजलं नव्हतं असं नाही. त्यांना सगळं समजलं होतं. सख्खी भावंडं एकाच गटात ठेवावीत, असं मात्र आमच्या नियमांत कुणी लिहिलं नव्हतं.

“कलाक्का, गोळी तोडायची नसते. वरचं वेष्टण गेलं की अन्ननलिका जळू शकते. रक्ताची उलटी होऊ शकते.”

“चावायची न्हाई, असं म्हणाला हुतासा. चावत न्हाईत.”

ते खरं होतं. छापील कागदावर ‘चावू नये’ एवढंच होतं. कुणी पात्याने कापेल असं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

“तरीही यापुढे नाही. ज्याचं पाकीट त्यालाच. अख्खी.”

त्यांनी फडकं खाली ठेवलं. “मग कुणाला रिकामं ठिऊ, ते सांगा.”

मी पिशवीतून फाइल काढू लागले.

“सांगा की. ह्याची तीन हाडं मोडली ह्या दहा म्हैन्यात. हिचं एकच. हिला देऊ नको का ह्याला देऊ नको?”

“आई,” त्रिशला म्हणाली, “दूध वर आलंय.”

कलाक्का उठल्या. माझ्याकडे पाठ करून चुलीपाशी उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता. “ताई, हे कुणाला सांगणार न्हाईसा न्हवं? आमास्नी काढतील का?”

आमच्या जीपने दर महिन्याला मुलांची नेआण होत होती. तपासणी, प्लास्टर, व्यायाम शिकवणारी बाई, सगळं त्या दोन नंबरांना जोडलेलं होतं. भरतेश चार महिन्यांपूर्वी भिंत धरून चालायला लागला होता. पहिल्या दिवशी तो स्वयंपाकघरातून दारापर्यंत गेला, म्हणून कलाक्कांनी गल्लीत साखर वाटली होती.

“मला बघावं लागेल,” मी म्हणाले.

“बघा,” त्या म्हणाल्या. चहा न घेताच मी निघाले तेव्हा भरतेशने डोळे न हलवता विचारलं, “किती झाली मिनिटं?”

“बावीस.”

“माझ्या पाकिटाचा नंबर,” तो म्हणाला आणि पुन्हा पुतळा झाला.

*

मी मिरजेच्या बसमध्येच कागद लिहायला घेतला. नियमभंगाची नोंद चोवीस तासांत द्यायची असा दंडक होता. तारीख, वेळ, नंबर, काय पाहिलं, आईने काय सांगितलं. दीड पान झालं. ‘पात्याने’ हा शब्द मी खोडला आणि पुन्हा लिहिला.

डॉ. रेंदाळकर दुसऱ्या दिवशी साडेआठला खोलीत आले. ते आमच्या केंद्राचे प्रमुख. पंचावन्नचे असतील. मुलांना उचलताना ते स्वतःचं घड्याळ काढून खिशात ठेवत. घड्याळाच्या पट्ट्यानेही बरगडी मोडू शकते, असं सांगत.

मी सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, “दोन्ही मुलांना गिळताना त्रास? छातीत जळजळ?”

“विचारलं. काही नाही.”

“हं.” त्यांनी माझ्या हातातल्या फाइलकडे पाहिलं. “लिहून आणलंयस, की तोंडीच सांगते आहेस?”

मला प्रश्न कळला नाही, असं मी बराच काळ इतरांना सांगत आले. तो कळला होता.

“फरक काय पडेल, सर?”

“तोंडी असेल, तर आत्ता जीप घे आणि पुन्हा जयसिंगपूरला जा. त्या बाईला माझं नाव सांगून दम दे, की उरलेले दोन महिने गोळी अख्खी द्यायची. संपलं. लेखी असेल, तर मला ते वर पाठवावं लागेल, आणि ते दोन्ही मुलांना अभ्यासातून काढतील.”

“आणि मग?”

“मग काही नाही. तेच तर सांगतोय. अभ्यास पुरा करणाऱ्यांपैकी ज्यांची गोळी रिकामी निघेल, त्यांना पुढे वर्षभर खरी देणार आहेत. देखरेखीसकट. मध्येच काढलेल्यांना ते लागू नाही. मी आधीच विचारून ठेवलंय, नाशिकच्या एका मुलाच्या वेळी.”

“आपण हीच गोळी अभ्यासाबाहेर लिहून नाही देऊ शकत?”

“म्हाताऱ्या बायकांना देतो. सात वर्षांच्या मुलाला किती द्यायची, हे कुणी ठरवलंय? तेच शोधतोय ना आपण. आणि जिथे गोळी पात्याने कापतात, त्या घरात देखरेखीशिवाय मी ती कुठल्या हिमतीवर देऊ?”

बाहेर प्लास्टरची खोली उघडल्याचा आवाज आला. त्यांनी घाई केली नाही.

मी म्हणाले, “सर, त्या दोघांचे आकडे खोटे आहेत. दहा महिन्यांचे. ते तसेच मोजले, तर ही गोळी चालते की नाही याचं उत्तर चुकू शकतं. मग पुढे किती मुलांना…”

“सेहेचाळिसांत दोन,” ते म्हणाले. “पण तुझं बरोबर आहे.”

“आणि उद्या एखाद्याची अन्ननलिका जळाली आणि मला माहीत होतं असं निघालं तर?”

“तेही बरोबर आहे.” त्यांनी हात पुढे केला. “म्हणजे लेखी?”

“लेखी आहे,” मी म्हणाले आणि कागद दिला.

त्यांनी दीड पान वाचलं, एका ठिकाणी वेलांटी दुरुस्त केली आणि सही केली. चहा मागवला नाही.

*

पाकिटं परत आणायला मीच गेले. दुसऱ्या कुणाला पाठवता आलं असतं.

कलाक्कांनी दोन्ही पाकिटं आधीच बांधून ठेवली होती. निरोप जीपच्या ड्रायव्हरकडून पोचला होता. भरतेश झोपला होता. त्रिशला पापडाच्या लाट्या मोजून देत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

“मोजून घ्या,” कलाक्का म्हणाल्या. “तुमचं माप चुकायला नको.”

मी मोजल्या. बरोबर होत्या.

“व्यायामाच्या बाई येणार न्हाईत आता?”

“नाही.”

“जीप?”

“नाही. बाह्यरुग्ण विभागात मात्र कधीही या. सर बघतील.”

“एस्टीनं,” त्या म्हणाल्या. “ह्याला मांडीवर घिऊन, एस्टीनं.” मग त्यांनी हात जोडले, निरोप घेताना जोडतात तसे नव्हे, विनवणी करताना जोडतात तसे. “एक तेवढं करा. लिफाफा उघडला की सांगा, खरी कुणाची हुती. मी कुणाची काढून कुणाला दिली, एवढं मला कळू द्या.”

“सांगेन,” मी म्हणाले.

लिफाफे मार्चमध्ये उघडले. छापील यादी होती, नंबर आणि पुढे एक अक्षर. मी एकवीस आणि बावीस शोधले, पाहिलं, आणि यादी सरांच्या टेबलावर परत ठेवली. त्यांनीही त्याच दोन ओळींवर आधी बोट ठेवलं होतं हे मला कळलं, कारण तिथे शाईचा डाग होता.

जयसिंगपूर मिरजेहून फार लांब नाही. एप्रिलमध्ये मी गेले नाही. मे महिन्यात अहवालाची घाई होती. जूनमध्ये मी तिथल्या एसटी स्टँडवरून दोनदा पुढे गेले.

त्या वर्षी गणपतीत भरतेश पडला. आरती बघायला शेजारच्या ओट्यावर बसवलं होतं, कुणीतरी खेळताना धक्का दिला. डाव्या मांडीचं हाड मोडलं, दोन बरगड्या मोडल्या. मांडीत सळई घातली. तो पुन्हा भिंत धरून उभा राहिला नाही. पडून राहिल्याने छातीत कफ धरला, आणि संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तो गेला. मला हे व्यायामाच्या बाईंकडून कळलं, बारा दिवसांनी.

*

दार उघडंच होतं. कलाक्का पापड लाटत होत्या. त्रिशला त्यांच्या समोर बसून लाटत होती. बारा वर्षांची, उंच झालेली. दीड वर्षात तिचं एकही हाड मोडलं नव्हतं.

“बसा,” कलाक्का म्हणाल्या.

मी बसले. मी तोंड उघडायच्या आत त्याच बोलल्या.

“ह्याचीच खरी हुती, ताई. मला आता कळलंय. हिला बघा. चढती, उतरती, शाळंला चालत जाती. ह्याच्या गोळीवर ही सुधारली. त्याची निम्मी मी काढून हिला घातली.” लाटणं थांबलं नव्हतं. “आख्खी मिळाली असती तर तो बी उभा राह्यला असता. मी माझ्या हातानं कापली.”

त्रिशलाने हातातली लाटी खाली ठेवली. तिचा चेहरा मी पाहिला. आई हे पहिल्यांदा बोलत नव्हती. मुलगी हे रोज ऐकत होती.

“नाही,” मी म्हणाले. “कलाक्का, तसं नाही. लिफाफे उघडले. दोन्ही रिकाम्या होत्या.”

“काय?”

“एकवीस आणि बावीस. दोन्ही पाकिटांत औषध नव्हतं. तुम्ही कुणाचं काही काढून घेतलं नाही. घेण्यासारखं त्यात काही नव्हतंच.”

लाटणं घरंगळत पोळपाटावरून खाली गेलं. कुणी उचललं नाही.

“मग मी कशानं बरी झाले?” त्रिशलाने विचारलं.

“वयाने. तुझ्या वयात काही मुलांची हाडं थोडी सावरतात. गोळीचा संबंध नाही. भावाचा तर नाहीच.”

तिने दोन्ही पिठाळ हात तोंडावर धरले. खांदे हलत होते. कलाक्का पुढे सरकल्या आणि त्यांनी मुलीच्या पाठीवरून हात फिरवला. “ऐकलंस का गं? तू खाल्लं न्हाईस. तू काय बी खाल्लं न्हाईस त्याचं,” असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. त्या दोघींकडे पाहून मला वाटलं, की मी इथे दहा महिन्यांपूर्वीच यायला हवं होतं. आणि हेही वाटलं, की आता उठावं.

मी उठले. चपला घालत होते तेव्हा कलाक्कांनी विचारलं, “ताई, ज्यांच्या ज्यांच्या रिकाम्या निघाल्या, त्या पोरांचं काय केलंसा?”

त्या सहज विचारत होत्या. दुसऱ्यांच्या मुलांची चौकशी करावी तशा.

“त्यांना खरी गोळी दिली,” मी म्हणाले. “अजून देतोय.”

“कवापासनं?”

“एप्रिलपासून.”

त्या हिशेब करत होत्या. एप्रिल, मे, आणि मग गणपती. “म्हंजे पडायच्या आधी पाच म्हैनं.”

“गोळीने तो वाचला असता असं सांगता येत नाही,” मी म्हणाले. अहवालातलं वाक्य मला पाठ होतं. “हाडं भरीव होतात, एवढं सिद्ध झालंय. मोडायची कमी होतात, हे म्हणायला आकडे पुरत नाहीत.”

“पर मिळाली असती न्हवं?”

“मिळाली असती.”

“दोघांस्नी बी. आख्खी.”

“हो.”

“तुम्ही आमचं लिहून दिलासा, तवा हे ठावं हुतं?”

“सर म्हणाले होते.”

“तुमास्नी ठावं हुतं.”

“हो,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. खाली वाकून लाटणं उचललं, पदराला पुसलं आणि पोळपाटावर ठेवलं. लाटायला मात्र त्या बसल्या नाहीत. आतल्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं.

मी गल्लीच्या टोकाशी पोचले तेव्हा मागून पावलं ऐकू आली. त्रिशला धावत नव्हती. धावायचं नाही हे तिच्या अंगात मुरलेलं होतं. ती जवळ येईपर्यंत मी थांबले. तिच्या गालांवर पीठ तसंच होतं.

“रिकाम्या हुत्या म्हणालासा, तितंच थांबायचं हुतं, ताई.”

“आईने विचारलं, त्रिशला.”

“ती विचारणारच,” ती म्हणाली. “ती रोज काही ना काही विचारती. मी सांगते का सगळं?”

घराकडून काहीतरी पडल्याचा आवाज आला. तिने मागे पाहिलं आणि भिंतीच्या कडेकडेने, एकेक पाऊल बघून टाकत, ती घराकडे परत गेली.